धाकट्याचा प्रश्न

कोकणातल्या बेने इस्रायल या ज्यू समाजाच्या घरात वल्हांडणाच्या रात्री ताटे मांडलेली असतात, बिनखमिराची भाकर झाकून ठेवलेली असते, वडीलधारी मंडळी बसलेली असतात आणि सगळे थांबलेले असतात ते एका पोराच्या तोंडाकडे बघत. घरातल्या सर्वांत धाकट्याने आधी विचारायचे की आजची रात्र निराळी का आहे. त्याने विचारले की मग आजोबा सांगू लागतात: मिसर देशातली गुलामी, तिथून झालेली सुटका, समुद्र ओलांडणे. गोष्ट हजारो वर्षांची आणि सगळ्यांना पाठ झालेली, पण लहानग्याने तोंड उघडल्याखेरीज ती सुरू करायची नाही, अशी रीत. ज्या समाजाने आपला सर्वांत मोठा सण मुलाच्या प्रश्नावर उभा केला, त्या समाजाने काढलेल्या एका मराठी शाळेविषयी आज लिहायचे आहे.

त्या रात्री वाचायचे पुस्तक म्हणजे हग्गादा. मुंबईत १८४६ साली ते मराठी भाषांतरासह छापले गेले आणि पुण्यात १८७४ साली पुन्हा, हिब्रू आणि मराठी शेजारी शेजारी ठेवून. पुण्याच्या त्या प्रतीतली चित्रे आज जगभरच्या ज्यू ग्रंथसंग्राहकांना ठाऊक आहेत. त्यांत लुगडी नेसलेल्या बायका पीठ मळताना, भाकऱ्या लाटताना, भाजताना दिसतात. जेरुसलेमची आठवण सांगणाऱ्या पुस्तकात चूल मात्र कोकणातली. चित्र काढणाऱ्याला यात काही विसंगत वाटले नाही, आणि तसे वाटायचे कारणही नव्हते.

त्यानंतर वर्षभरात, १८७५ साली, हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी मुंबईत ‘इस्राएलाइट स्कूल’ सुरू केले. पुढे हाँगकाँग-शांघायमध्ये व्यापार करून मोठे झालेले बगदादी ज्यू दानशूर सर एली कदूरी यांची मोठी देणगी मिळाली आणि शाळेला त्यांचे नाव मिळाले. माझगावचे सर एली कदूरी हायस्कूल ते हेच. २०२५ साली या शाळेच्या स्थापनेला दीडशे वर्षे झाली. डिसेंबर-जानेवारी हा आपल्याकडच्या स्नेहसंमेलनांचा हंगाम. मुलांनी केलेल्या चित्रांचे, नाटुकल्यांचे, हस्तलिखितांचे कौतुक करण्याचे हे दिवस आहेत. त्या निमित्ताने या शाळेची आठवण काढावी असे आम्हाला वाटते, आणि ती माळव्यातल्या अमझेऱ्यासारख्या गावातून का काढावीशी वाटते तेही पुढे सांगायचे आहे.

केहीमकर हे आडनावच पुरेसे बोलके आहे. अलिबागजवळच्या किहीमचे ते केहीमकर. तसेच दिवेकर, पेणकर, राजपूरकर, अष्टमकर, नागावकर, चेऊलकर, तळकर. या समाजाची परंपरा सांगते की पूर्वजांचे गलबत नवगावजवळ फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या आणि किनाऱ्यावर राहिल्या. तेलाच्या घाण्यावर पोट चालले. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटले. हिब्रू विसरली, पोथ्या बुडाल्या, पण शनिवार आणि सुंता राहिली, आणि सणही राहिले, मराठी नावांनी. नव्याचा सण, खिरीचा सण, दारफाळणीचा सण, बिरड्याचा रोजा. यहुदी पंचांगातले दिवस आगरी-कोळ्यांच्या शेजारात पडले आणि त्यांच्या ताटातल्या पदार्थांवरून ओळखले जाऊ लागले. नवस फेडताना एलियाहू हानाबी या संदेष्ट्याच्या नावाने मलिदा करायचा, तोही पोहे, खोबरे, साखर आणि फळांचा.

अशा घरांतून मुले शाळेत आली. मुंबईत बेने इस्रायल कुटुंबे तोवर बरीच स्थिरावली होती. टिपूच्या कैदेतून सुटून आलेल्या सामाजी हसाजी दिवेकरांनी १७९६ साली समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले होते. पलटणीत, गोदीत, कचेऱ्यांत नोकऱ्या होत्या. शिकायची सोय मिशनऱ्यांच्या शाळांत होती आणि त्या शाळांचे ऋण या समाजाने मोकळेपणाने मानले आहे. जॉन विल्सन यांनी १८३२ सालीच मराठीतून हिब्रूचे व्याकरण छापले होते. स्वतःची हरवलेली धर्मभाषा या मुलांनी मराठीच्या शिडीवरून चढत पुन्हा गाठली. मिशनऱ्यांचा हेतू धर्मांतराचा होता. मुलांनी व्याकरण घेतले आणि धर्म आपला ठेवला. अशाच एका स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले जोसेफ एझिकेल राजपूरकर पुढे डेव्हिड ससून यांच्या शाळेचे दीर्घकाळ मुख्याध्यापक झाले, मुंबई विद्यापीठाचे हिब्रूचे परीक्षक झाले आणि ज्यूंची प्रार्थनापुस्तके त्यांनी एकामागून एक मराठीत आणली. विद्यार्थी म्हणून जे मिळवले ते त्यांनी भाषेला परत केले.

केहीमकरांच्या शाळेची मूळ कल्पना अशी होती: मराठी, इंग्रजी आणि हिब्रू या तिन्ही भाषा एकाच मुलाला याव्यात. तिन्हींची नावे एका वेळापत्रकात लिहिणे सोपे आहे. त्यामागची श्रद्धा मात्र वेगळी होती: कोकणी मराठी बोलणारे मूल त्यामुळे कमी यहुदी ठरत नाही आणि हिब्रू वाचणारे मूल कमी मराठी ठरत नाही. केहीमकरांनी स्वतः आपल्या समाजाचा इतिहास इंग्रजीत लिहिला. १८९७ साली तो लिहून झाला आणि छापून निघाला १९३७ साली, तेल अवीवमध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर जवळजवळ तीस वर्षांनी. चाळीस वर्षे ते हस्तलिखित पडून होते. शाळेला तेवढे थांबावे लागले नाही. मुले रोज सकाळी येतच होती.

शाळा सुरू झाल्यानंतर पाचेक वर्षांत, १८८० च्या सुमारास, मुंबईच्या बेने इस्रायलांनी कीर्तन उचलले. हा भाग आम्हाला फार मोलाचा वाटतो. बुवा उभे राहतात, टाळ वाजतात, पूर्वरंग होतो, आणि उत्तररंगात येते योसेफाची गोष्ट. भावांनी विहिरीत ढकललेला योसेफ ओवीतून, साकीतून, दिंडीतून, आर्येतून सांगितला जातो. मोशे येतो, एस्तेर येते. नारदीय कीर्तनाचा सगळा साज आणि आत हिब्रू बायबलमधले आख्यान. कोणी कोणाची नक्कल करत होते असे यात म्हणता येत नाही. ज्याच्या कानावर लहानपणापासून गावच्या देवळातले कीर्तन पडले, त्याने आपली गोष्ट सांगायला हाताशी असलेले उत्तम वाद्य घेतले. याला आम्ही सर्जनशीलता म्हणतो. या कीर्तनांतली आणि सणांची गाणी पुढे बायकांनी वह्यांत उतरवून ठेवली, बाळबोध अक्षरात, एकीच्या वहीतून दुसरीच्या वहीत. वही पेटीत घालून त्या इस्रायलला गेल्या आणि तिथे त्या गाण्यांना पुन्हा स्वर मिळाला.

आणि आता रिबेका रूबेन.

१९०५ साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकच्या परीक्षेत त्या पहिल्या आल्या. सगळ्या मुलांना मागे टाकून मुलगी पहिली येण्याची ती पहिलीच वेळ. तेव्हा त्या सोळा वर्षांच्या होत्या. मॅट्रिकला मुलगी बसणे हीच तेव्हा बातमी असे. विलायतेत जाऊन त्या शिकल्या, केंब्रिजला हिब्रूचा अभ्यास केला. परत आल्यावर १९१७ पासून काही वर्षे त्यांनी बेने इस्रायल समाजाचे वार्षिक संपादित केले. अशा बाईला त्या काळी कुठलीही जागा मिळाली असती. १९२२ साली त्या आपल्या समाजाच्या शाळेच्या मुख्याध्यापिका झाल्या आणि १९५० पर्यंत त्याच खुर्चीत राहिल्या.

अठ्ठावीस वर्षे. या आकड्यापाशी थोडे थांबायला हवे. ‘पहिली आली’ ही बातमी एका दिवसाची असते. फुले, पेढे, वर्तमानपत्रातला फोटो, आणि दुसऱ्या वर्षी दुसरे नाव. पहिल्या आलेल्या मुलीचे पुढे काय झाले, तिने त्या पहिलेपणाचे काय केले, हे विचारायची आपल्याला सवय नाही. रूबेनबाईंनी ते एका शाळेत ओतले. ज्या मुलांचे आईबाप कारकून, परिचारिका, सुतार, गोदीतले कामगार होते, त्या मुलांना त्यांनी शिकवले. मुलांना इंग्रजी सोपे जावे म्हणून क्रमिक पुस्तके लिहिली. पहिल्या क्रमांकाचे याहून मोठे चीज दुसरे कोणते, ते आम्हाला सुचत नाही. १९५७ साली त्या वारल्या. मराठी स्त्रीशिक्षणाचा इतिहास सांगताना आपण सावित्रीबाई, रमाबाई, हुजूरपागा, कर्वे यांची नावे घेतो आणि ती घेतलीच पाहिजेत. त्या ओळीत रिबेका रूबेन हे नाव फारसे ऐकू येत नाही. ही उणीव आपली आहे.

या समाजाने मराठी आणि हिंदी जगाला दिलेली माणसे आठवली म्हणजे थक्क व्हायला होते. ती सारी या एका शाळेच्या पटावरची नव्हेत, पण एवढ्याशा समाजात शिक्षणाची आणि रंगमंचाची किती ओढ होती ते त्यांच्यावरून कळते. १९३१ च्या ‘आलम आरा’ या पहिल्या भारतीय बोलपटाची कथा जोसेफ डेव्हिड पेणकर यांची. ‘बूट पॉलिश’मध्ये भीक मागणाऱ्या दोन पोरांना कष्टाची वाट दाखवणारे जॉन चाचा, ते डेव्हिड अब्राहम चेऊलकर. डॉ. जेरुशा झिराड यांनी मुंबईच्या कामा रुग्णालयाची धुरा वाहिली. निसीम एझिकेल इंग्रजीत लिहिणारे कवी, पण इंदिरा संतांच्या कविता वृंदा नाबर यांच्यासोबत इंग्रजीत नेल्या त्यांनीच. १९५१ च्या जनगणनेत साऱ्या देशातले ज्यू सुमारे २६ हजार होते, त्यांत बेने इस्रायल, बगदादी, कोचीनचे सगळे आले. एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी ही वस्ती.

मग वर्ग रिकामे होऊ लागले. १९४८ नंतर कुटुंबामागून कुटुंब इस्रायलला गेले. बेरशेवा, दिमोना, अश्दोद, लोद, रामला या गावांत मराठी पोचली. तिथे सुरुवातीची वर्षे सोपी नव्हती. विवाहाच्या बाबतीत तुम्ही पुरते ज्यू आहात का, असा प्रश्न धर्मपीठाने त्यांना केला आणि त्याविरुद्ध त्यांना रस्त्यावर उतरावे लागले. १९६४ मध्ये त्यांचे म्हणणे मान्य झाले. त्याच मंडळींनी तिकडे ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक चालवले. इकडे आज साऱ्या भारतात ज्यूंची संख्या पाच हजारांच्या आत आहे. २०१६ साली महाराष्ट्र सरकारने त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला.

माझगावच्या शाळेपुढे दोन वाटा होत्या. मुले नाहीत म्हणून कुलूप लावायचे, किंवा शेजारच्या मुलांना आत घ्यायचे. शाळेने दार उघडे ठेवले. आज तिथे बेने इस्रायल मूल क्वचित दिसते. वर्गांत मुख्यतः आसपासच्या वस्त्यांतली मुस्लिम आणि हिंदू मुले बसतात. भायखळ्याच्या जेकब ससून हायस्कूलची गोष्ट तीच, आणि कोलकात्यात १८८१ साली निघालेल्या ज्यूइश गर्ल्स स्कूलचीही तीच. जगात कितीतरी ठिकाणी ज्यू आणि मुसलमान हे शब्द एकत्र आले की मन धास्तावते. इथे मुसलमान आईबाप आपली लेक हात धरून यहुद्यांनी बांधलेल्या फाटकात सोडतात आणि दुपारी न्यायला येतात. शाळेच्या भिंतीवर लावलेले चित्र त्या मुलीचे असते. स्नेहसंमेलनात टाळ्या तिला मिळतात. केहीमकरांनी ज्या मुलांसाठी शाळा काढली त्यांची पतवंडे आज दुसऱ्या देशात आहेत, आणि तरी शाळेचे काम चुकलेले नाही. आमच्या मते दीडशे वर्षांतले या शाळेचे सर्वांत मोठे यश हेच आहे.

आता अमझेऱ्याकडे येऊ.

धार जिल्ह्यातले हे गाव मराठी मुलाला इतिहासाच्या पुस्तकात एका ओळीत भेटते. २९ नोव्हेंबर १७२८ रोजी चिमाजी अप्पांच्या फौजेने इथे माळव्याचा मोगल सुभेदार गिरधर बहादूर आणि दया बहादूर यांचा पराभव केला. दोघेही त्या लढाईत पडले आणि माळव्याचे दार मराठ्यांना उघडले. मग धारला आणि देवासला पवारांच्या गाद्या आल्या, त्यांच्यामागून कारभारी, भिक्षुक, वैद्य, शिक्षक आले. आपण माळव्यातले मराठी त्यांचेच वंशज. गाव मात्र तेवढ्या एका ओळीचे नाही. १८५७ च्या उठावात उतरलेल्या राणा बख्तावरसिंहांना १० फेब्रुवारी १८५८ रोजी इंदुरात फाशी झाली, ते अमझेऱ्याचेच राजे. अमका-झमका देवीच्या देवळात गेलात तर तिथले लोक सांगतील की श्रीकृष्णाने रुक्मिणीला नेले ते इथूनच. विदर्भात कौंडिण्यपूर म्हणते, आमच्याकडून. नवगावच्या किनाऱ्यावर बेने इस्रायल आपली गोष्ट सांगतात, तशीच ही. गाव आपल्या मातीत एक गोष्ट पेरते आणि मुले त्या गोष्टीवर वाढतात.

आपणही इथे थोडेच आहोत. आपली मुले हिंदी किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात, अंगणात माळवी ऐकतात, घरात आजीशी मराठी बोलतात. ‘आई, मी टिफिन भूल गया’ असे एखादे वाक्य ऐकून पाहुणे हसतात आणि मूल ओशाळून गप्प होते. ते ओशाळणे आम्हाला सर्वांत जास्त खुपते. शनिवार तेल्यांच्या मुलांची मराठी शुद्ध नाही म्हणून कोणी त्यांना गप्प बसवले असते तर ना पुण्याचा मराठी हग्गादा झाला असता, ना योसेफाचे कीर्तन. माळव्यात असे नमुने आपल्या डोळ्यांसमोर आहेत. कानडी घरात जन्मलेले कुमार गंधर्व १९४८ साली आजारी अवस्थेत देवासला आले, खाटेवरून माळवी बायकांची गाणी ऐकत राहिले आणि त्यातून त्यांनी नवे संगीत उभे केले. वसईचे रघुनाथ कृष्ण फडके धारला स्थायिक झाले आणि मुंबईच्या चौपाटीवरचा लोकमान्यांचा पुतळा घडवणारे हात माळव्याचे झाले. धार संस्थानचे शिक्षणाधिकारी काशिनाथ कृष्ण लेले यांनी भोजाच्या नगरीतले शिलालेख वाचून जगापुढे मांडले. बाहेरून आलेला माणूस जिथे राहतो तिथले ऐकू लागला की त्याच्या हातून नवे काही घडते, हे आपल्या पूर्वजांनी या दोन शहरांत दाखवून दिले आहे.

दरवर्षी आपल्याकडे ठिकठिकाणी गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार होतो. दहावी-बारावीच्या टक्क्यांची यादी वाचली जाते, शाल, नारळ, सन्मानचिन्ह दिले जाते. ते जरूर व्हावे. अभ्यास करून मिळवलेल्या गुणांत मुलाचा घाम असतो. पण त्या व्यासपीठावर कथा लिहिलेले मूल का बोलावले जात नाही? आजीची ओवी फोनवर उतरवून घेतलेली मुलगी का दिसत नाही? माळवी मांडण्यातली नक्षी आणि रांगोळीतली नक्षी एकाच कागदावर काढून दोन्हींतला फरक समजावणारा मुलगा तिथे का नसतो? टक्के मोजता येतात म्हणून ते दिसतात. मुलाने विचारलेला प्रश्न मोजता येत नाही, म्हणून तो कार्यक्रमपत्रिकेत बसत नाही. रूबेनबाईंचा पहिला क्रमांक आज आठवतो तो त्यापुढच्या अठ्ठावीस वर्षांमुळे, हे व्यासपीठावर बसणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

शाळेतले हस्तलिखित ही मराठी शाळांची जुनी आणि फार सुंदर रीत. सुवाच्य अक्षराची मुले लिहून काढतात, चित्रकलेची मुले कडा रंगवतात, कोणी विनोद गोळा करतो, कोणी आजोबांची मुलाखत घेतो, बाइंडिंगला खळ लावताना सगळ्यांची बोटे चिकट होतात. एकच प्रत निघते. ती हातोहात फिरते आणि शेवटी शाळेच्या कपाटात जाते. बेने इस्रायल बायकांच्या गाण्यांच्या वह्या अशाच होत्या, एकेका प्रतीच्या. आज संशोधक त्या शोधत फिरतात. कुठले हस्तलिखित उद्या मोलाचे ठरेल हे आज सांगता येत नाही, म्हणून ते करत राहावे आणि जपून ठेवावे.

अमझेऱ्याच्या लढाईला २९ नोव्हेंबर २०२८ रोजी तीनशे वर्षे पूर्ण होतील. त्या दिवशी धारला, देवासला, इंदूरला भाषणे होतील, मिरवणुका निघतील. धार-देवासच्या मराठी मंडळांना, शिक्षकांना आणि घराघरातल्या आजी-आजोबांना आमची एवढीच विनंती आहे की तोवर मुलांच्या हातून अमझेऱ्याचे एक हस्तलिखित तयार करून घ्या. मुलांना त्या गावी घेऊन जा. रणांगण दाखवा, अमका-झमकाचे देऊळ दाखवा, बख्तावरसिंहांची गोष्ट तिथल्याच माणसाच्या तोंडून ऐकवा. शेजारची माळवी आणि भिली बोलणारी मुले बरोबर घ्या, त्यांनाही त्यात लिहू द्या. मराठीत हिंदी मिसळली तर मिसळू द्या, खोडरबर मुलाच्याच हातात राहू द्या. जिंकलेल्यांइतकेच हरलेल्यांबद्दलही मुले विचारतील. विचारू द्या. पहिले पान सर्वांत धाकट्या मुलाचे असावे आणि त्यावर त्याचा प्रश्न असावा, त्याच्या अक्षरात, त्याच्या चुकांसह. कामाला अजून वेळ आहे. वह्या येत्या सुट्टीतच आणा.